मातृभाषा नसलेल्यांचा मायदेश

एका अक्षरावरून दोन देशांतील एकाच वंशाच्या माणसांत भांडण जुंपावे, ही गोष्ट वरवर पाहता हास्यास्पद वाटते. २०२० सालच्या सप्टेंबर महिन्यात इंटरनेटवरील एका प्रसिद्ध अमेरिकी शब्दकोशाने 'फिलिपिनेक्स' या शब्दाला जागा दिली. 'फिलिपिनो' हे रूप पुल्लिंगी आणि 'फिलिपिना' हे स्त्रीलिंगी. तेव्हा लिंगाचे बंधन नसलेला एखादा शब्द हवा, या विचाराने अमेरिकेत वाढलेल्या तरुण फिलिपिनोंनी तो प्रचारात आणला होता. मनिलाकडून त्याला जे उत्तर मिळाले ते मात्र संतापाचे होते. टागालोग भाषेत 'तो' आणि 'ती' या दोहोंसाठी 'सिया' हे एकच सर्वनाम आहे. ज्या भाषेने हा भेद कधी मानलाच नाही, तिला लिंगनिरपेक्षता शिकवायला निघालेले हे लोक कोण, असा त्या उत्तराचा सूर होता. त्याच्या पोटात दुसरा, अधिक जिव्हारी लागणारा प्रश्न दडलेला होता : ज्यांना आमची भाषा बोलता येत नाही, त्यांना आमचे नाव बदलण्याचा अधिकार कोणी दिला?

प्रश्न बिनतोड वाटतो खरा. पण फिलिपाईन्सचा इतिहास ज्यांनी थोडाफार चाळला असेल, त्यांना त्यातील गोम ध्यानात येईल. 'फिलिपिनो' हे नावच मुळी बाहेरून आलेले. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्यावरून त्या बेटांना फिलिपाईन्स म्हणू लागले आणि पुढे दीर्घकाळ 'फिलिपिनो' म्हणजे त्या बेटांवर जन्मलेला स्पॅनिश माणूस, असाच अर्थ रूढ होता. तेथील मूळ रहिवाशांना स्पॅनिश राज्यकर्ते 'इंडिओ' म्हणत. ते नाव साऱ्या देशवासीयांचे झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि त्यासाठी झटणारे तरुण त्या वेळी युरोपात शिकत होते. होसे रिझाल याची 'नोली मे तांगेरे' ही कादंबरी १८८७ मध्ये बर्लिनला छापली गेली, तीही स्पॅनिश भाषेत. ग्रासियानो लोपेझ हाएना आणि मार्सेलो देल पिलार यांचे 'ला सोलिदारिदाद' हे पाक्षिक १८८९ मध्ये बार्सेलोना येथे सुरू झाले आणि पुढे माद्रिदहून निघू लागले. म्हणजे एका राष्ट्राची जाणीव परमुलखात, परभाषेत लिहिली जात होती. आज मनिलातला रिक्षावालाही ज्या 'पिनॉय' या शब्दाने स्वतःचा प्रेमाने उल्लेख करतो, त्या शब्दाचे जुन्यात जुने लिखित दाखले १९२० च्या दशकातील आहेत आणि ते अमेरिकेत मजुरीला गेलेल्या फिलिपिनोंच्या लेखनातले आहेत. दूर गेलेल्यांना नाव ठेवण्याचा, म्हणजे नामकरणाचा, अधिकार नाही असे म्हणावे, तर मायदेशाला स्वतःची दोन नावे परत करावी लागतील!

तरीही रिझालची पिढी आणि आजची कॅलिफोर्नियातील पिढी यांत एक फरक आहे, आणि तो लहान नाही. रिझाल स्पॅनिशमध्ये लिहीत असला तरी घरी टागालोग बोलतच वाढला होता. तो परतही गेला, आणि ३० डिसेंबर १८९६ रोजी मनिलात त्याला गोळ्या घालून ठार मारण्यात आले. आजच्या तरुणाजवळ ती भाषा नाही आणि बहुधा परतीचा बेतही नाही. तेव्हा खरा प्रश्न नामकरणाच्या अधिकाराचा नसून भाषेच्या या उणिवेचा आहे. ती कोठून आली, हे पाहिल्यावाचून या मुलांना दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही.

फिलिपाईन्समधील माणसाच्या नावापासून सुरुवात केली तरी चालेल. १८४९ मध्ये गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लाव्हेरिया याने आडनावांची एक जाडजूड, अक्षरानुक्रमे लावलेली यादी तयार करवून ती प्रांतोप्रांती पाठवली. करवसुली व नोंदणी सुलभ व्हावी, एवढाच हेतू. यादीची पाने गावागावांना वाटून दिली गेली. त्यामुळे बिकोल भागातील काही गावांत आजही घरोघरची आडनावे एकाच अक्षराने सुरू होतात. आपल्याकडे आडनावावरून गाव कळते. तिकडे गावाच्या वाट्याला यादीतले कोणते पान आले होते ते कळते.

पुढे १८९८ च्या डिसेंबरात पॅरिसला तह झाला आणि स्पेनने दोन कोटी डॉलरांच्या मोबदल्यात ही बेटे अमेरिकेच्या हवाली केली. स्वातंत्र्य पुकारलेल्या फिलिपिनोंनी या नव्या धन्याशी १८९९ पासून युद्ध केले. ते पुरते चिरडून होण्याआधीच अमेरिकेने जे दुसरे सैन्य पाठवले ते शिक्षकांचे होते. १९०१ च्या ऑगस्टमध्ये 'थॉमस' नावाच्या लष्करी जहाजातून सुमारे ५०० अमेरिकन शिक्षक मनिलाला उतरले; त्या जहाजावरून त्यांना 'थॉमसाइट' असे नावच पडले. त्यांतील पुष्कळांनी दूरच्या खेड्यांत कष्ट उपसले, काही तेथेच पटकीने मेले; त्यांच्या तळमळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु शिक्षणाचे माध्यम इंग्रजी ठरले आणि ते ठरलेच. शाळेच्या आवारात घरची भाषा बोलणाऱ्या मुलाकडून दंड घेण्याची प्रथा पुढे अनेक ठिकाणी रूढ झाली. आपल्याकडील इंग्रजी शाळांतून शिकलेल्यांना ती अगदीच अपरिचित नसावी. मराठी मुलाला ज्ञानेश्वरांचे नाव निदान कानावरून गेलेले असते. त्या मुलांच्या क्रमिक पुस्तकात मात्र सफरचंद होते, बर्फ होते आणि जॉर्ज वॉशिंग्टन होता.

असे शिक्षण घेतलेला तरुण अमेरिकेला निघाला तर तो परदेशी चालला आहे, असे त्याला वाटणार कसे? १९०६ च्या डिसेंबरात हवाईतील उसाच्या मळ्यांसाठी १५ फिलिपिनो मजुरांची पहिली तुकडी होनोलुलूला पोहोचली. पाठोपाठ हजारो गेले. बहुतेक इलोकोस भागातले, बहुतेक तरुण, बहुतेक अविवाहित. तेथून काही कॅलिफोर्नियाच्या शतावरी व द्राक्षांच्या मळ्यांत आणि अलास्कातील मासळी डबाबंद करण्याच्या कारखान्यांत गेले. कायद्याने ते अमेरिकेचे 'राष्ट्रिक' होते, पण नागरिक नव्हते. म्हणजे अमेरिकेच्या झेंड्याखाली राहायचे आणि मत द्यायचे नाही. १९३० च्या जानेवारीत वॉटसनव्हिल येथे गोऱ्या जमावांनी अनेक दिवस त्यांची शिकार केली आणि झोपडीत असलेला फर्मिन टोबेरा हा २२ वर्षांचा मजूर गोळी लागून मरण पावला. दंग्याचे निमित्त नाचघरात फिलिपिनो तरुण गोऱ्या मुलींबरोबर नाचतात, हे होते. १९३३ मध्ये एका फिलिपिनोने न्यायालयात असा मुद्दा मांडला की, गोऱ्यांशी विवाहास बंदी आहे ती मंगोल वंशाला, आणि फिलिपिनो मलय आहेत. न्यायालयाने ते मानले. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने त्याच वर्षी कायद्यात 'मलय' हा शब्द घालून टाकला. १९३४ च्या कायद्याने फिलिपाईन्सला स्वातंत्र्याचे आश्वासन दिले खरे, पण त्याच लेखणीने फिलिपिनोंना अमेरिकेत परके ठरवले आणि त्यांच्या प्रवेशाला वर्षाला ५० जणांची मर्यादा घातली. नागरिकत्वाचे दार उघडले ते १९४६ मध्ये. या कायद्याशी आपलाही संबंध आहे, कारण ल्यूस-सेलर कायदा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या एकाच कायद्याने फिलिपिनोंना आणि भारतीयांना एकदम नागरिकत्वाचा हक्क दिला व दोघांनाही वर्षाला प्रत्येकी १०० जणांचाच कोटा ठरवून दिला. त्याच वर्षी अमेरिकेच्या बाजूने लढलेल्या लक्षावधी फिलिपिनो सैनिकांचे लाभ दुसऱ्या एका कायद्याने काढून घेण्यात आले. त्याची भरपाई म्हणून २००९ मध्ये हयात असलेल्यांना एकरकमी पैसे देण्यात आले : अमेरिकी नागरिक असलेल्यास १५,००० डॉलर, नसलेल्यास ९,०००. लढाई एकच, शत्रू एकच. हिशेब मात्र दोन.

या म्हाताऱ्या मजुरांना त्यांच्या मागून आलेले लोक 'मनोंग' म्हणतात. इलोकानो भाषेत याचा अर्थ थोरला भाऊ. कार्लोस बुलोसान याने १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या 'अमेरिका इज इन द हार्ट' या पुस्तकात त्यांचे हाल लिहून ठेवले. तो १९३० मध्ये सिएटलला उतरला होता, १९५६ मध्ये सिएटललाच वारला. मायदेशी तो कधी गेला नाही. पण अमेरिकेतील फिलिपिनो मुलांच्या कित्येक पिढ्यांना या मनोंगांविषयी शाळेत काही कळले नाही आणि घरीही कळले नाही. घरी न कळण्याचे कारण असे की, या मुलांचे आईबाप दुसऱ्याच लाटेतले होते. १९६५ च्या कायद्याने जुने वांशिक कोटे गेले आणि परिचारिका, डॉक्टर, अभियंते, हिशेबनीस आले. मराठी कुटुंबेही अमेरिकेत स्थिरावू लागली ती याच कायद्याच्या आधाराने. शेतमजुरांच्या झोपड्यांशी या सुशिक्षितांचा संबंध नव्हता आणि तो असावा, अशी अनेकांची इच्छाही नव्हती.

भाषेचा धागा तुटला तो या घरांत. तो कोणी मुद्दाम तोडला असे नाही. आई रुग्णालयात रात्रपाळीला जाते. तिचे उच्चार ऐकून एखादा रुग्ण तोंड वाकडे करतो. तिला वाटते, आपल्या मुलाच्या वाट्याला हे येऊ नये. ज्या शाळेत ती स्वतः शिकली, तेथे इंग्रजी हीच शहाणपणाची खूण होती. शिवाय बाप सेबुआनो बोलणारा आणि आई इलोकानो असेल, तर दोघांची समाईक भाषा टागालोग, तीही शाळेत शिकलेली; मुलाला यांतली कोणती द्यावी? इंग्रजी देऊन मोकळे होणे सगळ्यांत सोपे. मग मायबोली घरात उरते ती पैशांची बोलणी करायला, भांडायला, मनिलाला फोन लावायला आणि देवाची प्रार्थना करायला. मूल ती ऐकत वाढते. त्याला खाण्याच्या पदार्थांची नावे येतात, रागावलेले कळते, थोरल्या बहिणीला 'आते' आणि थोरल्या भावाला 'कुया' म्हणायचे कळते, वडीलधाऱ्यांचा हात कपाळाला लावून नमस्कार करायचे कळते. उत्तर मात्र देता येत नाही. गावाहून आजी येते, ती विचारते, हा मान हलवतो. पुढे कधीतरी मुलाच्या लक्षात येते की, आजी गेली आणि आपण तिच्याशी एक पूर्ण वाक्य बोललो नाही. याची टोचणी या मुलांच्या आत्मकथनांतून इतक्या वेळा येते की, ती एकेकट्याची राहत नाही. कॅलिफोर्नियात हरवली असे वाटणारी ही भाषा मनिलाच्या शाळेच्या दारातच अर्धी ठेवली गेली होती, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. म्हणून ते स्वतःलाच नालायक समजतात.

अमेरिकी दफ्तरशाहीने त्यांच्या गोंधळात भर घातली ती वेगळीच. आडनाव स्पॅनिश, धर्म रोमन कॅथलिक, चेहरा मलय; अर्जातील कोणत्या चौकटीत खूण करायची? जनगणनेत ते आशियाई. कॅलिफोर्निया राज्याने १९८८ मध्ये कायदा करून सरकारी कर्मचाऱ्यांच्या पाहणीत फिलिपिनोंची वेगळी नोंद घ्यायला लावली. अँथनी ओकाम्पो या समाजशास्त्रज्ञाने २०१६ मध्ये या समाजावर लिहिलेल्या पुस्तकाला 'द लॅटिनोज ऑफ एशिया' असे नाव दिले, त्यात अतिशयोक्ती कमीच आहे.

भाषा गेली, चौकट सापडेना. तेव्हा या तरुणांनी नृत्याचा आश्रय घेतला. कॅलिफोर्नियातील विद्यापीठांत फिलिपिनो विद्यार्थी दरवर्षी मोठ्या तयारीने सांस्कृतिक रजनी सादर करतात. बांबूंच्या आपटणाऱ्या जोडीतून पाय वाचवीत नाचण्याचे टिनिक्लिंग तर हवेच. त्याच्या जोडीला लानाव सरोवराकाठच्या मुस्लिम मरानाव लोकांचे सिंगकिल. महिनोन् महिने अभ्यास बुडवून तालमी चालतात. आईबाप पुढच्या रांगेत बसून डोळे पुसतात. यात जे खरे आहे ते नाकारण्याचे कारण नाही : आयुष्यात प्रथमच आपल्यासारख्या शंभर जणांच्या घोळक्यात उभे राहण्याचे सुख त्या मुलांना येथे मिळते. परंतु जे रूप ते प्राचीन म्हणून नाचतात, ते बव्हंशी 'बायानिहान' या नृत्यसंस्थेने रंगमंचासाठी घडवलेले आहे. ही संस्था १९५७ मध्ये मनिलात स्थापन झाली आणि १९५८ च्या ब्रुसेल्स येथील जागतिक प्रदर्शनाने जगाला माहीत झाली. कॅथलिक घरांतील मुलींनी मुस्लिम राजकन्येचा वेष करून नाचावे, याला खुद्द मरानाव अभ्यासकांनी हरकत घेतली आहे. १९०४ मध्ये सेंट लुई येथील जागतिक प्रदर्शनात ४७ एकरांवर हजाराहून अधिक फिलिपिनो माणसे प्रेक्षकांना दाखवण्यासाठी आणून ठेवली होती, हे ज्याला आठवते त्याला रंगमंचावरील या वेषभूषेकडे निश्चिंत मनाने पाहता येत नाही.

बिएनव्हेनिदो सांतोस यांची 'द डे द डान्सर्स केम' ही कथा या संदर्भात फार बोलकी आहे. शिकागोत म्हातारा झालेला एक फिलिपिनो. मायदेशाहून नर्तकांचा संच येणार म्हणून हरखून गेलेला. त्यांना घरी न्यावे, आपल्या हातचे जेवू घालावे, शहर दाखवावे, एवढीच त्याची इच्छा. हॉटेलच्या दिवाणखान्यात तो त्यांच्याजवळ जातो. ती सुंदर मुले त्याला टाळून निघून जातात. नृत्याचे संगीत तो ध्वनिफितीवर घेतो, आणि तेही अखेर त्याच्याच हातून पुसले जाते. कॅलिफोर्नियातील आजची मुले मायदेशाहून येणाऱ्या नर्तकांची वाट पाहत नाहीत, स्वतःच नाचतात. पण त्या म्हाताऱ्याला घरी बोलवायचे अजूनही पुष्कळांना सुचत नाही.

शुद्ध, अस्पर्श अशा कोणत्या तरी मूळ संस्कृतीचा शोध येथे वाट चुकवतो, असे म्हणावे लागते. टागालोगमध्ये शिक्षकाला 'गुरो', चेहऱ्याला 'मुखा' आणि आशेला 'आसा' म्हणतात. लगुना प्रांतात सापडलेल्या ताम्रपटावरचा काळ शके ८२२ च्या वैशाखातला आहे. म्हणजे स्पॅनिश माणूस येण्याच्या सहाशेहून अधिक वर्षे आधीही तेथे बाहेरचे वारे वाहतच होते. मिसळलेपण हा या संस्कृतीचा अपघात मानून ते खरवडू गेल्यास हाती काय उरेल?

मायदेशी जाऊन पाहावे तर तेथेही प्रश्न सुटत नाही. १९७३ मध्ये मार्कोस राजवटीने 'बालिकबायान', म्हणजे देशी परतणारा, ही योजना काढली; लष्करी कायद्याच्या काळात डॉलर आणि सदिच्छा दोन्ही हव्या होत्या. १९८९ च्या कायद्याने पूर्वाश्रमीच्या फिलिपिनोंना कुटुंबासह वर्षभर बिनपरवाना राहण्याची सवलत मिळाली. २००३ च्या कायद्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतलेल्यांना मूळ नागरिकत्व परत मिळवता येऊ लागले. मात्र कायद्याची गंमत अशी की, नागरिकत्व रक्ताने ठरत असल्यामुळे आईबापांनी अमेरिकन नागरिकत्वाची शपथ मूल जन्मण्याआधी घेतली की नंतर, यावर सारे अवलंबून. एकाच घरातील थोरली बहीण जन्मतः फिलिपिनो आणि धाकटा भाऊ निव्वळ परदेशी, असे होऊ शकते. दोघांना टागालोग सारखीच येत नसली तरी! मनिलातील चुलत भावंडे त्यांचे स्वागत करतात, पण इंग्रजी बोलावे लागले की, नाकातून रक्त येते असा तेथला नेहमीचा विनोदही करतात. विनोदात थोडी धार असते. तेथे अस्खलित इंग्रजी ही श्रीमंतांच्या घराची ओळख आहे. त्यामुळे रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेचा मुलगा हवेलीतला ठरतो.

तेव्हा या मुलांना आपलेपणा शोधायचा असेल, तर त्यांनी मनिलाकडे पाहण्याआधी डेलानोकडे पाहणे अधिक फलदायी ठरेल. ८ सप्टेंबर १९६५ रोजी तेथील द्राक्षमळ्यांतील फिलिपिनो मजुरांनी लॅरी इटलिओंग याच्या नेतृत्वाखाली संप पुकारला. सीझर चावेझ यांची मेक्सिकन मजुरांची संघटना आठ दिवसांनी त्यात सामील झाली. पुढे जगाने नाव लक्षात ठेवले ते चावेझ यांचे. फिलिप व्हेरा क्रूझ हा या संघटनेचा उपाध्यक्ष. १९७७ मध्ये चावेझ मार्कोस यांचे पाहुणे म्हणून मनिलाला गेले. व्हेरा क्रूझने त्याला विरोध केला आणि तो संघटनेतून बाहेर पडला. अर्धशतक अमेरिकेत काढलेल्या एका शेतमजुराला मायदेशातील हुकूमशहाची लाज वाटत होती. फिलिपिनोपण म्हणजे काय, याचा याहून स्पष्ट दाखला कोणत्याही रंगमंचावर मिळणे कठीण. त्याच वर्षी, ऑगस्टच्या ४ तारखेला, सॅन फ्रान्सिस्कोतील इंटरनॅशनल हॉटेलमधून म्हाताऱ्या मनोंगांना पोलिसांनी पहाटे बाहेर काढले. त्यांना वाचवण्यासाठी हातात हात गुंफून रस्त्यावर जी साखळी उभी होती, तिच्यात टागालोग न येणारे कितीतरी विद्यार्थी होते.

हा इतिहास शाळेत यावा यासाठी कॅलिफोर्नियात २०१३ मध्ये कायदा झाला. शेतमजूर चळवळीतील फिलिपिनोंचा वाटा अभ्यासक्रमात घ्यावा, असे त्यात म्हटले आहे. उशीर झाला, पण झाले. भाषेचे काम मात्र कायद्याने होणारे नाही आणि नृत्याने तर नाहीच. ते वर्गात बसून, क्रियापदांची रूपे घोकून, चुकीचे उच्चार करीत, हसे करून घेतच करावे लागते. या बाबतीत हवाई विद्यापीठाने दाखवलेली सूज्ञता दुर्लक्षिण्यासारखी नाही. तेथे राष्ट्रभाषा फिलिपिनो शिकवली जातेच. पण त्याबरोबर १९७० च्या दशकापासून इलोकानो शिकवली जाते आणि त्या भाषेत पदवीही घेता येते. उसाच्या मळ्यात उतरलेल्या त्या मजुरांची बोली टागालोग नव्हतीच, ती इलोकानो होती. त्यांच्या पणत्या आता ती चौथ्या पिढीत नव्याने, अडखळत, परीक्षेच्या भीतीने का होईना, शिकत आहेत. त्यांपैकी कोणी मनिलाच्या रस्त्यावर ती बोलू लागली, तर तेथल्या पुष्कळांना ती समजणार नाही.